फक्कीची रेघ

गाडी ठोकल्यावर माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, त्यावर माझं घर चालतं. मी विम्याची सर्व्हेअर आहे. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात कुणाची गाडी आपटली, की मी गॅरेजमध्ये जाते, वाकलेले पत्रे बघते, फोटो काढते आणि मालकाला विचारते, काय झालं? "मी थांबलोच होतो मॅडम, तोच येऊन घुसला." ट्रकवाले हेच म्हणतात, डॉक्टर हेच म्हणतात, नवी गाडी घेऊन गणपतीला निघालेली नवराबायको एका सुरात हेच म्हणतात. "माझी चूक झाली" असं म्हणणारा माणूस मला धंद्यात भेटला नाही. भेटला तो शेजारी.

सुखदेव सोनवणे. कॉलनीत सगळे नानाच म्हणायचे. मूळचे धुळ्याचे. अर्धंअधिक आयुष्य अमेरिकेत ओहायोतल्या एका लहान गावात पंप बनवणाऱ्या कारखान्यात गेलं. बायको तिकडेच वारली. मुलगा तिकडेच दुसऱ्या टोकाला. निवृत्त झाल्यावर नाना एकटे परत आले आणि आमच्या शेजारचा बंगला घेतला. उंच, वाळलेला माणूस. शर्ट पँटमध्ये खोचलेला, डोक्यावर टोपी, घरातून निघताना खिशाला रुमाल लावल्यासारखा चेहरा नीट लावून निघायचा. आवाज कधी चढला नाही.

अमेरिकेला जाणारी कॉलनीतली पोरं त्यांच्याकडे सल्ला मागायला यायची. नाना सरबत द्यायचे आणि एकच विचारायचे, "तिथं काही चुकलं तर पहिल्यांदा कुणाला सांगशील?" पोरं गोंधळायची. कुणी म्हणायचं मॅनेजरला, कुणी म्हणायचं चुकणारच नाही. नाना नुसती मान हलवायचे. समोरच्या वहिनी एकदा वैतागून मला म्हणाल्या, "आपन पगार किती ते विचारायला पोराला पाठवतो आनि हा माणूस चूक विचारत बसतो. याला तिकडून हाकलून दिलं असंल बघा."

पण नानांची खरी ओळख म्हणजे त्यांचं थांबणं.

आमच्या कॉलनीचा रस्ता जिथे सर्व्हिस रोडला मिळतो, त्या कोपऱ्यावर भिंत आहे आणि कडुनिंब आहे, त्यामुळे डावीकडचं काही दिसत नाही. आम्ही सगळे तिथे हॉर्न वाजवून वळतो. नाना त्यांच्या पांढऱ्या स्कूटरवरून तिथे थांबायचे. वेग कमी करणं वेगळं. हे थांबणं म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर, मान डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मागचे लोक शिव्या द्यायचे. नाना वळून हात जोडायचे, "माझं चुकलं, या तुम्ही पुढे," म्हणायचे आणि तरी जागचे हलायचे नाहीत.

माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा एकदा त्यांनी मला मागे बसवून नेलं. मे महिना, भर दुपार. जळगावात त्या वेळी रस्ता असा रिकामा होतो, की आपल्याच सावलीची सोबत वाटावी, आणि तीही पायाखाली गेलेली असते. कोपऱ्यावर नाना थांबले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डावीकडे बघून झालं, उजवीकडे बघून झालं. स्कूटर हलेना.

"चला ना नाना. कुणी नाहीये."

"हो," ते म्हणाले. "जाऊ द्या की जरा."

कुणाला, असं मी विचारणार होते. तेवढ्यात माझं लक्ष कडुनिंबाखाली पडलेल्या भुऱ्या कुत्र्याकडे गेलं. त्यानं मान वर केली होती. ते रस्त्याच्या डाव्या कडेला बघत होतं. मग त्याची मान हळूहळू फिरू लागली. आपल्यासमोरून कुणी म्हातारं माणूस सावकाश चालत जातं तेव्हा आपली मान जशी फिरते, तशी. उजव्या कडेपर्यंत. तिथे ते थांबलं, शेपटी मातीवर आपटली आणि पुन्हा झोपलं.

"झालं," नाना म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

मी तेव्हा स्वतःला सांगितलं, सरडा असेल. आजही तेच सांगते.

रविवारी विहारात वंदनेला नाना यायचे. मीही जाते, आईच्या धाकानं लागलेली सवय. सगळे मिळून पंचशील म्हणतात. नानांचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. माझी जागा त्यांच्या मागच्या ओळीत असायची, म्हणून लक्षात आलं. पहिली तीन शीलं ते म्हणायचे. खोटं न बोलण्याचं चौथं आलं, की आवाज बंद. पाचव्याला पुन्हा सुरू. आधी वाटलं, श्वास कमी पडत असेल. पण श्वास प्रत्येक रविवारी त्याच जागी कसा कमी पडेल?

कोपऱ्यावर स्पीडब्रेकर करावा म्हणून नाना आल्यापासून कॉलनीच्या मागे लागले होते. आमचे चेअरमन, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, स्वभावानं चांगले माणूस. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिले पोचतात. ते म्हणाले, "नाना, गाडीचा तळ घासतो हो. आनि इतकी वर्षं झाली, आजपर्यंत काही झालं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्येक बैठकीत तेच.

मग नानांनी स्वतःच एक काम सुरू केलं. शाळेच्या मैदानावर खेळाच्या वेळी चुन्याची फक्की टाकून रेघा मारतात, ती फक्की आणली आणि रोज सकाळी कोपऱ्यावर आडवी पांढरी रेघ ओढू लागले. रेघेपाशी थांबायचं, एवढाच अर्थ. दुपारपर्यंत टायरांनी ती पुसायची. दुसऱ्या सकाळी नाना पुन्हा हजर.

काही दिवसांनी मला चमत्कार दिसला. गाड्या थांबू लागल्या. आप्पांची गाडी थांबायची, गॅस सिलिंडरचा टेम्पो थांबायचा. काही जण तर रेघेला चाक लागू नये म्हणून कडेच्या मातीतून गाडी काढायचे. मला वाटलं, सुधारले लोक. मग आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या कल्पनाबाईनं उलगडा केला. "ताई, तिथं उतारा टाकेल आहे ना. रोज पहाटी कोनी तरी टाकतं. समोरच्या वहिनींची गाडी त्याच्यावरून गेली आनि घरी येऊन त्यांले ताप भरला."

मी हसले. मला काय, गाड्या थांबल्याशी मतलब.

त्याच आठवड्यात मला एका क्लेमसाठी धुळ्याला जायचं होतं. नानांची थोरली बहीण देवपुरात राहते, म्हणून तेही निघाले. माझं काम उरकून मी त्यांना घ्यायला गेले. अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस सावलीसारखा दिसतो म्हणतात. मी दारात पोचले, नमस्कार केला. अक्का खुश झाल्या.

"हाऊ आसाच शे लहानपनपाईन," त्या भावाकडे हात करून म्हणाल्या. "खोटं बोलना का याले ताप येस. बठ्ठासले माहीत शे." आणि मग माझ्या खांद्यावरून बाहेर बघत म्हणाल्या, "ती म्हातारी उन्हमा काबर उभी शे? तिले घरमा बलाव ना."

मी वळून बघितलं. अंगण रिकामं. फाटक उघडं. नानांनी बहिणीचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाले, "अक्का, ती येत नाही घरात."

परतताना एरंडोलच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. मी सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही. "नाना, कोण म्हातारी?"

नानांनी कप खाली ठेवला.

"तिकडे आमच्या गावात एक कोपरा होता. तिथं लाल पाटी. पाटी म्हणजे पूर्ण थांबायचं, चाक फिरायचं बंद झालं पाहिजे. पण गावात कुणी पूर्ण थांबायचं नाही. जरा हळू करायचं, बघितल्यासारखं करायचं आणि निघायचं. गावच्या कौन्सिलला तिथं कॅमेऱ्याचा सिग्नल लावायचा होता. लोकांना नको होता. दर बैठकीत एकेक जण माइकपुढे येऊन म्हणायचा, आम्ही मोठी माणसं आहोत, माझी जबाबदारी माझी, सरकारनं मला चालणं शिकवू नये. आमचे आजोबाही याच कोपऱ्यावरून गाडी न्यायचे, म्हणायचा. मीही टाळ्या वाजवायचो, ताई. आवडायचं मला. आपल्याकडे कुणी छातीवर हात ठेवून 'माझी जबाबदारी' म्हणत नाही. तिकडे म्हणतात."

"मग?"

"मग डॉरथीबाई. शेजारी राहायची. माझी बायको गेली तेव्हा महिनाभर घरी जेवण आणून देत होती. भर दुपारी कोपरा ओलांडून टपालपेटीपर्यंत जायची, वॉकर घेऊन. तिकडे वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून बसवतात, फरशीवर आवाज होऊ नये म्हणून. आवाज होत नाही. म्हणून बघावं लागतं. मी त्या दिवशी बघितल्यासारखं केलं."

गाडी तिला जेमतेम लागली होती. ती रस्त्यावर बसली होती आणि तीच नानांना म्हणाली, सॉरी, मी फार हळू चालते. नानांनी विमा कंपनीला फोन लावला, तेव्हा तिकडच्या माणसानं पहिली गोष्ट सांगितली, सॉरी म्हणू नका, सॉरी म्हणजे कबुली. मीही लोकांना हेच सांगते.

"पोलीस आला. मी तोंड उघडायच्या आधीच दोन शेजारी पुढे आले. म्हणाले, हा थांबला होता, आम्ही पाहिलं. त्यांनी पाहिलं नव्हतं, ताई. एक जण तर गॅरेजमध्ये पाठमोरा होता. चांगली माणसं. मला वाचवायचं होतं त्यांना. आणि मी थांबलो नव्हतो असं निघालं असतं, तर सिग्नल आला असता. पोलिसानं मला विचारलं, थांबला होतात? मी म्हणालो, हो."

काही दिवसांनी डॉरथीबाई त्या पडण्यातच गेली. तिची मुलगी आली. तिनं नानांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, तुम्ही तरी थांबला होतात. इथं कुणीच थांबत नाही.

"पहिलं शील मी म्हणतो," नाना म्हणाले. "जीव घ्यायचा म्हणून मी गाडी घातली नव्हती. पण 'हो' मी समजून उमजून म्हणालो. चौथं कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी माझ्या धंद्याची भाषा बोलले. "नाना, इतकी वर्षं झाली. आता सांगून कुणाला काय उपयोग?"

"ती रोज कोपरा ओलांडते," ते म्हणाले. "पण पोचत नाही. पलीकडे तिचं घरच नाही ना, इथं."

चहावाल्याकडचा पंखा गरगरत होता. मला एकदम गार वाटलं. विषय बदलावा म्हणून मी त्यांना त्यांच्या रेघेची गंमत सांगितली, लोक तिला उतारा समजतात म्हणून थांबतात. मला वाटलं, हसतील. नानांचा चेहरा उतरला.

"म्हणजे खोट्यावर थांबतायत?"

"थांबतायत ना! कशावर का असेना."

दुसऱ्या दिवशी नाना फक्कीची पिशवी हातात घेऊन कॉलनीतल्या प्रत्येक दारी गेले. "चुना आहे हो नुसता. हात लावून बघा. रेघ मी ओढतो. थांबायचं ते कोपऱ्यासाठी." लोकांनी हात लावून बघितलं. आप्पांनी तर फक्की चिमटीत घेऊन कपाळाला लावली. सगळे पोट धरून हसले. आणि त्या दिवसापासून रेघेवरून गाड्या पूर्वीसारख्या सुसाट जाऊ लागल्या.

मग कल्पनाबाईला आप्पांच्या गाडीनं उडवलं. त्याच कोपऱ्यावर, दुपारी, कामं आटोपून ती घरी निघाली होती. मांडीचं हाड मोडलं. नाना समोरच्या बाजूला स्कूटरवर, दोन्ही पाय टेकून उभे होते. त्यांच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

आप्पांनी तिला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, रात्रभर बाकावर बसून राहिले. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण पोलिसांना त्यांनी सांगितलं की गाडी कोपऱ्यावर थांबली होती, बाईच धावत आली. आणि दोन दिवसांनी त्यांच्या पार्किंगमध्ये कॉलनीची बैठक बसली.

"नाना, तुम्ही तिथंच होतात," आप्पा म्हणाले. "आम्ही कल्पनाला वाऱ्यावर सोडनार नाही. सगळं करू. फक्त पोलिसांकडे एवढंच सांगा, गाडी थांबली होती."

"सांगून टाका नाना," मागून कुणी तरी म्हणालं. "आप्पा काय परका माणूस आहे?"

समोरच्या वहिनी म्हणाल्या, "नाहीतर उद्या कोपऱ्यावर स्पीडब्रेकर, परवा सिग्नल, तेरवा पोलीस चौकी. तुम्हाला हेच पाहिजे होतं ना?"

सगळे हसले. नाना हसले नाहीत. मला ठाऊक होतं, हे वाक्य त्यांनी आधी कुठे ऐकलंय. ते उठले. विहारात चौथ्या शीलापाशी जशी शांतता पडायची, तशीच शांतता होती ती, फक्त आता ती सगळ्यांना ऐकू येत होती. आणि नाना माणसांकडे बघत नव्हते. पार्किंगच्या फाटकाकडे बघत होते. फाटकात ऊन होतं, दुसरं काही नाही.

"गाडी थांबली नव्हती," ते म्हणाले. "मीही थांबलो नव्हतो."

"तुम्ही?" आप्पांना काही कळेना. "अहो, तुम्ही तर रोज थांबता! तुमच्या थांबण्यानं आम्हाला उशीर होतो!"

"आता थांबतो," नाना म्हणाले. "तेव्हा नव्हतो थांबलो."

मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. कल्पनाबाई पाय टांगून पडली होती. तिनंच हात जोडले. "नाना, राहू द्या. मले याच घरांमधी काम करनं आहे." मी तिला नीट समजावलं, गाडीची चूक ठरली तरच विम्यातून भरपाई मिळेल, नाहीतर आप्पांच्या दयेवर राहशील. तिनं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाली, "दया लवकर संपते, नाही का ताई?" आम्ही तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेलो. नानांनी जबाब दिला. हवालदारानं विचारलं, "आजोबा, नक्की? गाडी थांबली नव्हती?" नाना म्हणाले, "लोक माझ्यामुळे रेघेपाशी थांबायचे. माझ्यामुळेच थांबेनासे झाले. तेही लिहून घ्या." हवालदारानं ते लिहून घेतलं नाही.

कॉलनीनं नानांशी बोलणं टाकलं. भांडण नाही, काही नाही. नमस्काराला नमस्कार यायचा नाही, एवढंच. स्पीडब्रेकर अजून झालेला नाही. बैठकीत विषय निघाला, की आप्पाच मान खाली घालून म्हणतात, बघू, पुढच्या वेळी. कल्पनाबाईच्या बाजूनं निकाल लागला. तिनं घराबाहेरच शिवणयंत्र टाकलंय.

त्या जबाबानंतरच्या रविवारी मी वंदनेला मुद्दाम लवकर गेले. मला वाटलं, आज ते चौथं शील म्हणतील. नानांनी नाही म्हटलं. बाहेर चपला घालताना मी विचारलंच.

"ते आप्पांचं खरं होतं, ताई. माझं अजून सांगायचंय. तिच्या मुलीला. समोर बसून."

"नाना, वय काय तुमचं! फोन करा."

"फोनवरून तिला कसं पोचवणार?" त्यांनी विचारलं. मुलीबद्दल बोलत नव्हते, हे मला रस्त्यात उमगलं.

मुलानं तिकीट काढलं. नानांनी बंगला विकायला काढला. निघाले ते भर दुपारी, दुसरी कुठली वेळ त्यांना सुचलीच नसती. मी स्टेशनपर्यंत सोडते म्हटलं तर नको म्हणाले, रिक्षा बोलावली. निरोप द्यायला फाटकात मी एकटी. मग मी कोपऱ्यापर्यंत चालत गेले, कारण ते तिथे थांबणार हे मला माहीत होतं.

थांबले. त्यांनी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. रेघ केव्हाच पुसली गेली होती. रिक्षावाला माझ्याकडे बघून हातानंच विचारत होता, काय झालं? भुरं कुत्रं कडुनिंबाखालून उठून उभं राहिलं. त्याची मान हळूहळू फिरू लागली, पण या वेळी रस्त्याच्या पलीकडे नाही. रिक्षाकडे.

नानांनी शेजारची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि उजवीकडे सरकून बसले. हात पुढे केला, कुणाला आधार द्यावा तसा.

गाड्यांची हाडं तपासून मी पोट भरते. मोकळ्या सीटखालचा शॉकअप किती दबतो आणि माणूस बसल्यावर किती, हे मला कुणी शिकवायला नको. रिक्षाची मागची डावी बाजू खाली बसली. थोडीशीच. हलकं, म्हातारं माणूस बसावं एवढी.

"चला," नाना रिक्षावाल्याला म्हणाले. "सावकाश."